जसं माप तसा चेहरा

४ जानेवारी

दाजींना नमस्कार.

पाकीट फोडायच्या आधी अक्का कुठे आहे ते बघा. घरात असेल तर पेन्शन ऑफिसचं पत्र आहे म्हणून सांगा.

फोन केला असता, पण तुम्हांला ऐकू येत नाही आणि मला सध्या धड बोलता येत नाही. एक बहिरा, एक गेंगाणा. मधल्या मधे फोनला कशाला शिणवायचं, म्हणून लिहितो.

दोन महिने माझी उजवी नाकपुडी बंद आहे. सर्दी म्हणून सोडून दिलं. मग उजवा गाल वर आला. गिऱ्हाइकं म्हणायला लागली, मास्तर, तब्येत सुधारली. अर्ध्याच तोंडाची तब्येत कशी सुधारते, हे एकानेही विचारलं नाही. शेवटी मोठ्या हॉस्पिटलात गेलो. गालाच्या हाडामागे एक पोकळी असते म्हणे. तुमच्याही आहे, घाबरू नका. माझ्या पोकळीत गाठ धरली आहे. तुकडा काढून तपासला. जात वाईट नाही, जागा वाईट आहे. वाढत वाढत ती उजव्या डोळ्याच्या तळाला जाऊन टेकली आहे.

माझा डावा डोळा कसा आहे ते तुम्हांला माहीत आहे. त्याने मला माणूस दिसतो, दोरा दिसत नाही. पन्नास वर्षं सुई ओवली ती उजव्याने. तो गेला तर दुकानात मी गिऱ्हाइकाला बसा म्हणण्यापुरता उरेन.

डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. बारीक चण, बोलणं कमी, बोटं शिंप्याची. त्यांच्याकडे एक यंत्र आहे. आधी डोक्याचे शेकडो पातळ काप असावेत तसे फोटो काढतात आणि त्यावरून कॉम्प्युटर डोक्याचा नकाशा करतो. ऑपरेशनच्या वेळी कपाळाला एक खूण बांधतात. वर कॅमेरा असतो. बाई नाकातून हत्यार घालणार, आणि हत्याराचं टोक नकाशावर नेमकं कुठे पोचलं ते पडद्यावर दिसत राहणार. गाडीतला फोन सांगतो ना, पुढे डावीकडे वळा, तसलाच प्रकार. मी विचारलं, चूक किती होते? म्हणाल्या, एक-दोन मिलिमीटर. मी म्हटलं, कोटाला मी शिवणीत दोन बोटं जादा कापडाची माया सोडतो. म्हणाल्या, "मास्तर, माझ्याकडे दोन बोटं कापड नाही."

तेव्हाच माझ्या लक्षात आलं, ह्या बाई बेतणार ते त्या नकाशावर. आणि जसं माप तसा कोट. मग वाकडं माप कसं द्यायचं? मी फोटोला थोडी डागडुजी करून गेलो. काय केलं असेल ते अक्काला न सांगता कळलं असतं, कारण शिकवलं तिनेच. यंत्रावरच्या बाईंना आधी विचारून घेतलं, कापडाचं चालतं का. त्या म्हणाल्या, धातू काढा, चेन काढा, कापडाची काळजी करू नका, ते दिसत नाही. झालं तर.

अक्काला कळू देऊ नका. ती इथे येऊन डॉक्टरीणबाईंना टाके घालायला शिकवेल.

तुमचा मेहुणा


१० जानेवारी

मेहुण्या, आशीर्वाद.

तुझं पत्र अक्काच्याच हातात पडलं. मी म्हटलं, पेन्शन ऑफिस. ती म्हणाली, पेन्शन ऑफिस हिरव्या शाईने कधीपासून लिहायला लागलं? मी म्हटलं, नवीन साहेब आला आहे. तिने ऐकून घेतलं. पत्र मी माझ्या मोजणीच्या पेटीत ठेवलं आहे. ती पेटी मी निवृत्त झाल्यापासून कोणी उघडलेली नाही.

आता माझं ऐक. चाळीस वर्षं मी जमिनी मोजल्या. तुझ्या डोक्याची मोजणी होणार म्हणजे हा विषय माझा आहे. नकाशा कधी चुकत नाही, चुकतो तो दगड. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शहाण्याने हद्दीचा दगड बसायला बरा म्हणून अंगणात नेऊन ठेवला. आम्ही त्याच दगडापासून मोजणीची साखळी टाकत गेलो. अख्खं गाव सात फूट सरकलं. एका बाईंची न्हाणी शेजाऱ्याच्या मालकीची झाली आणि शेजारी म्हणायला लागला, अंघोळीला विचारून या.

तेव्हा डॉक्टरीणबाईंना माझ्या नावाने दोन गोष्टी विचार. पहिली, तुमचे न हलणारे दगड कोणते? गाल हलतो, ओठ हलतात, तुझी जीभ तर कधी थांबलेली कोणी पाहिली नाही. दुसरी, मधेच शंका आली तर काय करता? आमच्यात नियम होता: शंका आली की पुढे जायचं नाही, ओळखीच्या दगडावर परत यायचं.

डोळ्याची काळजी करू नकोस असं मी लिहिणार होतो, पण मी ती स्वतः करतो आहे, म्हणून लिहीत नाही.

दाजी


१७ जानेवारी

दाजी,

एका गाठीच्या दोन झाल्या.

परवा डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. पडद्यावर माझं डोकं फिरत होतं, बाजारात लावल्यासारखं. उजवी गाठ होती तिथे होती. पण डाव्या गालात, बरोबर समोरासमोर, दुसरी. अर्ध्या लिंबाएवढी. बाईंनी मला तोंड उघडायला लावलं, बोट घालून चाचपलं. हाताला काही लागेना. परत पडदा बघितला, तर आहे. परत बोट, तर नाही. मग त्यांनी त्यांच्या सरांना बोलावलं. सरांनी बोट घातलं. मग आणखी सहा जण आले. दाजी, इतकी माणसं माझ्या दुकानात सणासुदीला आली नाहीत. एक फार म्हातारे प्रोफेसर शेजारच्या इमारतीतून काठी टेकत आले, त्यांनीही बोट घातलं आणि म्हणाले, अशी नीटस कडेची गाठ मी जन्मात पाहिली नाही. आत हवा आहे म्हणे, आणि उभ्या-आडव्या रेषा, चौकटी पाडल्यासारख्या.

आता तिला सगळे लपणारी गाठ म्हणतात. एक तरुण डॉक्टर तिच्यावर लेख लिहीत आहेत. त्यांनी मला विचारलं, तुमच्या घराण्यात हे कोणाला होतं का? मी म्हटलं, घराण्यात फक्त शिवणकाम आहे. त्यांनी तेही लिहून घेतलं.

तुमचे दोन प्रश्न मी विचारले. दगडांचं उत्तर असं: चेहऱ्याच्या कातडीवरून एक कांडी फिरवतात, कपाळ, नाक, दोन्ही गाल, आणि यंत्र तो आकार नकाशाशी जुळवून घेतं. दुसऱ्या प्रश्नावर बाईंनीच उलट विचारलं, तुमचे दाजी काय करायचे? मी तुमच्या सरकलेल्या गावासकट सगळं सांगितलं.

ऑपरेशन दोन फेब्रुवारीला. आता दोन्हीकडे. डावीकडे गाल आतून उघडणार, आणि तिथून म्हणे तोंड हलवणारी नस जाते. ओठाचा कोपरा कायमचा पडू शकतो. म्हणजे उजवीकडे डोळा पणाला आणि डावीकडे हसू. गिऱ्हाइकाने शिवणीला नावं ठेवली तर डोळे वटारता येणार नाहीत आणि हसून साजरं करता येणार नाही. मग धंदा करायचा कशाने?

मला भीती वाटते, दाजी. एक गाठ म्हणजे आजार. दोन समोरासमोर म्हणजे कोणीतरी बेतून बसवल्यासारखं वाटतं.

सोबत फोटोची फिल्म पाठवतो. तुम्हांला नकाशे वाचता येतात. काही बरं दिसलं तर कळवा. माझं काही बरंवाईट झालं तर मोठी कात्री अक्काला द्यायची. मुळात तिचीच आहे.

तुमचा मेहुणा


२२ जानेवारी

मेहुण्या,

फिल्म मिळाली. खिडकीच्या काचेला चिकटवून सकाळपासून बघतो आहे. माझं स्पष्ट मत झालं आहे की यंत्राने एकच दगड दोनदा मोजला. साखळी उलटी धरली की असं होतं. तीन पानं आकडेमोड सोबत जोडली आहे, ती डॉक्टरीणबाईंना दे, आणि सांग की पहिल्या पानावर हातचा एक राहिला आहे तो धरून वाचा. तिसऱ्या पानावर मी सिद्ध केलं आहे की तुझी दुसरी गाठ ही पहिल्या गाठीचीच

थांब.

ती येऊन गेली. फिल्म काचेवरून काढायची राहिली होती. मी म्हटलं, एका जमिनीचा नकाशा आहे. ती म्हणाली, जमिनीला दात कधीपासून यायला लागले? मग सरळ मोजणीच्या पेटीकडे गेली आणि तुझी दोन्ही पत्रं काढून माझ्यासमोर ठेवली. त्या पेटीत ती वर्षानुवर्षं सुया ठेवते म्हणे. पहिलं पत्र तिने आलं त्याच दिवशी वाचलं होतं. आपण सांगतो का याची वाट बघत होती.

मग चष्मा लावून फिल्मसमोर उभी राहिली. बराच वेळ. मला वाटलं, आता डोळ्याला पदर लावते. ती म्हणाली, "गाढवाने अजून टीप तिरकीच घातली आहे."

मला काही कळलं नाही. माझं पेन तिने काढून घेतलं आहे. हे मी पेन्सिलीने लिहितो आहे.

दाजी


२२ जानेवारी

डॉक्टरीणबाई यांस,

तुमच्या दोन गाठींच्या शिंप्याची मी थोरली बहीण. हे पत्र कुरिअरने पाठवते आहे, कारण टपालाला चार दिवस लागतात आणि माझ्या भावाला खरं सांगायला चाळीस वर्षं लागतात.

डावी गाठ मी ओळखते. ती गाठ नाही, गादी आहे. कोटाच्या खांद्यात घालतात ती. दोन थर अस्तर, मधे पिंजलेला कापूस, वरून चौकटीची टीप, म्हणजे कापूस गोळा होत नाही. एक खांदा उंच असला की दुसऱ्याखाली गादी भरून दोन्ही सारखे करायचे, हे मी त्याला तो अकरा वर्षांचा असताना शिकवलं. त्याचा उजवा गाल वर आला. त्याने डाव्यात गादी घातली. फोटो काढून झाल्यावर ती काढून खिशात टाकली असणार. तुम्ही सगळे तोंडात बोटं घालत होता, खिशात कोणी घातलं नाही.

सोबत नमुना शिवून पाठवला आहे. तुमच्या यंत्रात घालून बघा. फरक एवढाच दिसेल की माझी टीप सरळ आहे.

त्याने मुद्दाम लपवलं असं समजू नका. यंत्राला कापड दिसत नाही असं त्याला कोणी सांगितलं, आणि सांगितलेलं तो धरून बसतो. विचारायचं झालं तर उजवा कान धरून विचारा. डावा मी लहानपणी फार वापरला आहे.

आता माझं एक विचारायचं आहे. उजवी गाठ खरी आहे का? असेल तर डोळ्याचं मला सरळ सांगा. तो चार वर्षांचा असताना गोवर निघाला आणि डाव्या डोळ्याची नजर अधू झाली. तेव्हा आई आजारी होती, उशाशी मीच होते. ओल्या फडक्याखेरीज मला काही माहीत नव्हतं. ह्या वेळी मला माहीत असलेलं सगळं वर लिहिलं आहे.

थोरली बहीण (मला सगळे अक्का म्हणतात)


२६ जानेवारी

अक्का यांस नमस्कार.

तुमचा नमुना यंत्रात घालून बघितला. कड तीच, हवा तीच, चौकटी त्याच. मीटिंगमध्ये मी तो टेबलावर ठेवला. मग आमच्या प्रोफेसरांनी तो हातात घेतला, दाबून बघितला आणि विचारलं, ह्या बाई कोट शिवतात का. लेख लिहिणारे डॉक्टर दोन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. त्यांची चौदा पानं झाली होती.

मास्तरांना मी विचारलं. कान धरावा लागला नाही. कोटाच्या खिशात हात घालून त्यांनी गादी काढली आणि म्हणाले, "बाई, ही दिसते?"

यात हसण्यासारखं आहे आणि नाहीही. आम्ही त्यांचा धड गाल उघडणार होतो. त्याहून वाईट म्हणजे, आमचं यंत्र चेहऱ्याची कातडी नकाशाशी जुळवतं. नकाशात डावा गाल पाच मिलिमीटर फुगलेला, आणि टेबलावर झोपलेल्या माणसाचा गाल बसका. यंत्राने ओढूनताणून दोन्ही जुळवले असते आणि ती चूक उजव्या डोळ्यापाशी बाहेर पडली असती. तुमच्या यजमानांनी एका गावाची गोष्ट कळवली होती ना, दगड हलवल्याची, तसंच. नकाशा नव्याने करते आहे. चूक आमचीही आहे. तोंडात काही आहे का, हे आम्ही विचारायला हवं होतं.

तुम्ही सरळ सांगा म्हणालात. उजवी गाठ खरी आहे. तिच्या आणि डोळ्याच्या मधलं हाड कागदाएवढं उरलं आहे. यंत्र मला वाट दाखवेल, पण हात माझा असेल, आणि डोळा नक्की वाचेल असा शब्द मी देऊ शकत नाही. एवढाच देते, की शंका आली तर पुढे जाणार नाही.

तुमची
डॉक्टरीणबाई


२९ जानेवारी

अक्का,

तोंड दाखवायला जागा नाही असं लिहिणार होतो, पण माझं तोंड इथे सगळ्यांनी इतकं बघितलं आहे की ते खोटं होईल.

मला वाटलं, कापड यंत्राला दिसणार नाही आणि गाल तेवढा भरलेला दिसेल. मग बाई त्या बेताने कापतील, आणि मी दोन्हीकडून सारखा होऊन घरी येईन. पडद्यावर दुसरी गाठ दिसली तेव्हा गादी माझ्याच खिशात होती. मी घाबरून खिशात हात घालून तीच चुरगाळत बसलो होतो, आणि तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. काखेत कळसा म्हणतात, माझ्या तर मुठीत होता.

काल नवे फोटो काढले. आधी दोघांनी तोंड तपासलं, तिसऱ्याने खिसे. कोटाच्या खांद्यातल्या गाद्यासुद्धा दाबून बघितल्या. यंत्राच्या खोलीबाहेर आता पाटी लागली आहे: तोंडात काही असल्यास आधी सांगावे. माझ्या पुढच्या माणसाने वाचून सांगितलं, जीभ आहे. कपाळाचा पट्टाही बांधून दाखवला. त्यावर तीन चकचकीत गोळे असतात, कॅमेऱ्याला दिसायला. गुडघ्याला बाशिंग ऐकलं होतं, कपाळाला गोट्या प्रथमच.

दोन तारखेला सकाळी नेणार. तू येऊ नकोस. आलीस तर मी लहान होईन, आणि मग मला रडू येईल, आणि नाक आधीच बंद आहे.

धाकटा


१३ फेब्रुवारी

अक्का,

पत्राला उशीर झाला. नाकात बोळे आणि डोळ्यावर पट्टी होती. परवा पट्टी काढली.

गाठ पूर्ण निघाली. डावा गाल कोणी हात न लावता जागच्या जागी आहे. दाजींना सांग, अर्ध्यात एक प्रकार झाला. पडदा म्हणायला लागला, हत्यार डोळ्यात गेलं आहे. बाई नाकातल्या दुर्बिणीतून स्वतः बघत होत्या, हत्यार हाडाच्या अलीकडेच होतं. पट्टा कपाळावरून सरकला होता. शेजारचे म्हणाले, थोडंच उरलं आहे. बाईंनी हत्यार बाहेर काढलं, पट्टा नीट केला, सगळं पहिल्यापासून जुळवलं, आणि नाकाच्या ओळखीच्या हाडाला टोक लावून बघितलं, पडदा खरं सांगतो का ते. पटलं तेव्हा पुढे गेल्या. पाऊण तास गेला. हे मला त्यांनीच सांगितलं, आणि म्हणाल्या, तुमच्या दाजींना कळवा, दगडावर परत गेले होते.

आता डोळ्याचं. बाईंनी तक्ता वाचायला लावला. मी खालपर्यंत वाचला. त्या म्हणाल्या, नजर होती तशी आहे. पण तक्ता पाठ व्हायला कितीसा वेळ लागतो? ऑपरेशनच्या आधी चार दिवस खोलीत समोरच टांगलेला होता. त्या खूष होत्या, मी त्यांना हे बोललो नाही. मला माझंच खात्रीने सांगता येत नाही. कधी वाटतं सगळं लख्ख आहे, कधी वाटतं, आहे असं मला हवं आहे म्हणून आहे.

म्हणून आज दुकानात गेलो. डावा डोळा पट्टीने बांधून टाकला. सुई ओवली, तिसऱ्या खेपेला गेली. काळ्या कापडाच्या तुकड्यावर काळ्या दोऱ्याने एक काज केलं. सोबत पाठवतो. झाल्यावर मी ते बघितलेलं नाही. तू बघ. माझं काम तुझ्याइतकं कोणी उसवलेलं नाही. लपवाछपवी मी करून बघितली, मला जमत नाही. तूही करू नकोस. जे असेल ते लिही.

धाकटा


१८ फेब्रुवारी

धाकट्या,

काज मिळालं. दाजींनी भिंग आणलं, पट्टी आणली आणि टाके मोजून एका कागदावर मांडले. मी भिंग घेतलं नाही. उजेडात धरलं आणि अंगठ्याने चाचपलं.

टाके एकसारखे आहेत, दाट आहेत, एकही सुटलेला नाही. पण वरचं टोक डावीकडे झुकलं आहे, केसभर.

तू अकरा वर्षांचा असताना पहिलं काज केलंस तेही असंच झुकलं होतं. त्यानंतर केलेलं एकूण एक झुकलेलं आहे. मी ओरडले, उसवलं, कान धरला, काही उपयोग झाला नाही. आमच्या लग्नातल्या दाजींच्या कोटाची काजं तू केली होतीस. आज तो कोट काढून तुझं काज शेजारी ठेवलं. तीच टीप आणि तेवढाच तिरकेपणा.

ते सरळ आलं असतं तर मी आत्ताच्या आत्ता निघून आले असते. म्हटलं असतं, डोळा गेला आणि पोराने दुसऱ्याकडून करून घेतलं.

डोळा तोच आहे. दुकान उघड.

कात्री परत पाठवायचं काही कारण दिसत नाही.

अक्का